एक केबीचं घर

ज्या हार्ड डिस्कवर मी माहेरचं घर जपून ठेवलं होतं, तिच्यावर त्या घराचा आकार एक केबी निघाला.

फोल्डरचं नाव बरोबर होतं, ‘घर, शेवटचा गणपती’. पिवळं चित्रही बरोबर होतं. फक्त त्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक इवलासा बाण होता. त्या बाणाचा अर्थ असा, की हे फोल्डर नव्हे, फोल्डरकडे जाणारी वाट आहे. वाट ज्या लॅपटॉपकडे जात होती तो आठवड्यापूर्वी बंद पडला होता. चार वर्षांपूर्वी मी पडद्यावरचं ते चित्र ओढून हार्ड डिस्कवर सोडलं, संगणकाने निमूट घेतलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं म्हणून सांगितलं. ‘तुम्ही घर नेत नाही, घराचा पत्ता नेत आहात’ एवढी एक ओळ त्या वेळी दाखवली असती तरी पुरलं असतं. ती ओळ कुणीही लिहिलेली नाही. याचा मला राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. चौपदरीकरणात पुढचं अंगण, पडवी आणि ओटी जाणार हे ठरलं तेव्हा मागे जे उरणार होतं ते राहण्याजोगं नव्हतं, म्हणून सगळंच उतरवायचं असं दादाने आणि काकांनी मिळून ठरवलं. २०१८ सालच्या गणपतीला आम्ही तिथे शेवटचे जमलो. चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. मी दोन दिवस कॅमेरा गळ्यात अडकवून फिरले आणि ४१२ फोटो काढले. पहिल्या दिवशी बाहेरचे: खळं, तुळस, चिऱ्याचा गडगा, पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या. दुसऱ्या दिवशी आतले: माजघर, देव्हारा, चुलीमागची काळी भिंत, न्हाणी, आणि कोठीच्या खोलीचं दार.

ते दार महत्त्वाचं होतं. माझ्या आजोबांना घरात सगळे तात्या म्हणत. तात्यांनी त्या दाराच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं पेन्सिलीने नोंदी केल्या होत्या. रोहिणीत किती सरी आल्या, मृग कोरडा गेला की भरून, पाऊस नेमका कुठल्या दिवशी लागला, भात किती आलं, कुठली गाय कधी व्याली. दाराची लाकडं वाळवीने पोखरली होती. जुनं लाकूडसामान घेणारा आला आणि वासे, आढं, खांब यांच्याबरोबर तेही घेऊन गेला. ‘दार ठेवायचं का?’ असं त्या दिवशी काकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, फोटो आहेत. फोटो होते म्हणूनच आम्ही ते दार जाऊ दिलं.

पुढे २०१९ च्या मे महिन्यात भाच्याची मुंज होती. दादाला कॅमेऱ्यासाठी कार्ड हवं होतं. माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड १६ जीबीचं, भरत आलेलं. त्यातले फोटो लॅपटॉपवर आहेत आणि हार्ड डिस्कवरही आहेत, असं मी त्याला सांगितलं. त्याने कार्ड फॉरमॅट केलं. कॅमेरा आधी विचारतो हे खरं आहे. पण तो ज्या अक्षरांत आणि ज्या रंगात ‘भाषा बदलायची का’ असं विचारतो, त्याच अक्षरांत आणि त्याच रंगात ‘सगळं पुसायचं का’ असंही विचारतो. ‘होय’ म्हणायची कळही तीच. बँकेत हजार रुपये काढायचे तर सही जुळवून बघतात. दोन दिवसांचं एक घर पुसायला अंगठ्याचा एक दाब पुरतो.

मग २०२२ मध्ये लॅपटॉपमधली हार्ड डिस्क टिकटिक वाजू लागली. हा आवाज बिघाडाचा असतो. आतल्या तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वाचणारी सुई तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ती जागा चुकली की परत परत मूळ ठिकाणी जाऊन प्रयत्न करते, त्याचा तो आवाज. अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करायचं आणि पुन्हा सुरू करायचं नाही, कारण सुई तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडं थोडं खरवडलं जातं. हे मला दुरुस्तीच्या दुकानात कळलं. तोवर मी लॅपटॉप दहा वेळा बंदचालू केला होता, कारण यंत्र अडलं की आधी बंद करून चालू करा, हा सल्ला गेली वीस वर्षं मला प्रत्येकाने दिला आहे. दुकानदाराने डिस्क काढून कानाशी धरली आणि मान हलवली. धूळविरहित खोलीत उघडून देणारे लोक असतात, पण खर्च हजारोंच्या घरात आणि खात्री नाही, असं तो म्हणाला. सरळ बोलला, त्याबद्दल त्याच्याविषयी माझं मत चांगलं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि तो बाण दिसला.

माझी तक्रार मुख्यतः शब्दांविषयी आहे. मराठीत फेकलं म्हणजे फेकलं, उचलून ठेवलं म्हणजे ठेवलं, पुसलं म्हणजे पुसलं. या यंत्रांत एकही शब्द आपल्या अर्थाला जागत नाही. ‘डिलीट’ म्हणजे पुसणं नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावर फोटो डिलीट केला की यादीतल्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे ई५ ही खूण ठेवली जाते. म्हणजे फक्त ‘ही जागा आता वापरायला हरकत नाही’ अशी नोंद होते. चित्र जसंच्या तसं पडून राहतं. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनची आहे. फॉरमॅट केलं तरी कॅमेरा बहुधा फक्त यादी कोरी करतो. म्हणजे ‘पुसलं’ असं सांगितलं तेव्हा पुसलेलं नसतं. उलट, ‘कॉपी झालं’ असं सांगितलं तेव्हा झालेलं नसतं. आणि ‘सिंक’ हा शब्द तर मला सर्वांत जाचतो. लोक सिंकला बॅकअप समजतात. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. इथे पुसलंत की तिथेही पुसलं जातं, आणि तेही लगेच, आज्ञाधारकपणे.

माझ्या वहिनीच्या फोनवर दर दोन महिन्यांनी जागा संपल्याची पट्टी येते. तिने एकदा दुपारभर बसून फोटो काढून टाकले. ‘वर आहेतच की,’ या भरवशावर. ज्या अ‍ॅपमधून तिने काढले त्यात दोन वेगळ्या गोष्टी जवळजवळ ठेवलेल्या आहेत. एक म्हणजे, वर पोचलेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढून जागा मोकळी करणं. दुसरी म्हणजे फोटोच काढून टाकणं, खालूनही आणि वरूनही. तिने दुसरी केली. गुगल फोटोजमध्ये वर चढलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, न चढलेला ३० दिवस. आयफोनमध्येही साधारण ३० दिवसच मिळतात. ही मुदत कुणाच्या जगण्यावरून ठरवली ते मला समजत नाही. फोटो हरवल्याचं माणसाला तो हवा असतो तेव्हा कळतं. श्रावणात काढून टाकलेला फोटो दिवाळीत आठवतो. तिला मार्गशीर्षात आठवला, तिच्या आईचा, हातात दळणाचं सूप घेतलेला.

फोनमधून गेलेलं परत आणून देतो म्हणणारी अ‍ॅप तिने तीन घेतली. तिन्हींनी ‘तुमचे हजारो फोटो सापडले’ असं दाखवलं. ते सगळे फोनने यादीत दाखवण्यापुरते केलेले अंगठ्याएवढे छोटे नमुने होते, आणि निम्मे तर जाहिरातींची चित्रं. खरी गोष्ट अशी आहे की अलीकडच्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते. फाइल गेली की तिची किल्लीही जाते, आणि मोकळी झालेली जागा फोन स्वतः साफ करून ठेवतो. सुरक्षिततेसाठी ते योग्य आहे, फोन चोरीला गेला तर आपल्यालाच बरं. पण मग परत मिळवून देण्याचं आश्वासन विकायला ठेवू नये. लॅपटॉपमध्ये हल्ली जी एसएसडी असते तिचंही तेच. काढून टाकलेली जागा ती मागच्या मागे स्वच्छ करते, बहुतेकदा काही उरत नाही. जुनं फिरत्या तबकडीचं यंत्र आणि कॅमेऱ्यातलं साधं कार्ड, यांत मात्र गेलेलं सापडण्याची आशा धरता येते. नव्या वस्तूंपेक्षा जुन्यांत जास्त आशा आहे, हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

कार्ड माझ्याकडे होतं. मुंजीनंतर कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच, कारण तोवर सगळे फोनवर फोटो काढायला लागले होते. म्हणून कार्डावर मुंजीनंतर फारसं काही लिहिलं गेलं नव्हतं. इथे मी एकच गोष्ट वेळेवर केली: कार्ड बाहेर काढून त्याच्या कडेची बारीक खिट्टी बंदच्या बाजूला सरकवली. ती खिट्टी आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ती सरकवली की वाचता येतं, लिहिता येत नाही. मग भाच्याने, ज्याच्या मुंजीत ते कार्ड पुसलं गेलं त्यानेच, आता तो बारावीला होता, कार्डाची आहे तशी एक पूर्ण प्रत एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं. मूळ कार्ड डबीत ठेवून दिलं. हे त्याला कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही, पण बरोबर शिकवलं होतं.

आधी आम्ही इंटरनेटवर पहिल्यांदा दिसलेलं एक सॉफ्टवेअर लावलं होतं. त्याने तासभर कार्ड चाळलं, मग देव्हाऱ्याचा फोटो दाखवला. समईसकट. आणि त्या फोटोवर आडवा पट्टा टाकून, हवा असेल तर पैसे भरा, असं लिहिलं. पैशांना माझी ना नाही; कष्टाचे पैसे द्यावेत. पण आधी दाखवून मग झाकायचं, ही रीत मला आवडली नाही. माणूस घायकुतीला आलेला असतो हे त्यांना नेमकं माहीत असतं.

शेवटी भाच्याने फोटोरेक वापरलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे. दिसायला रूक्ष: काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाणाच्या कळांनी वरखाली जायचं. ते पुसलेल्या यादीकडे बघतच नाही. जेपीईजी हा प्रकार १९९२ साली प्रमाण म्हणून ठरला, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्याही कॅमेऱ्यातला असा फोटो त्याच दोन खुणांनी सुरू होतो, एफएफ आणि डी८. फोटोरेक कार्डाच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत त्या खुणा शोधत जातं आणि जिथे सापडतील तिथून पुढचं उचलून वेगळं ठेवतं. भाताच्या पेंढ्यात दाणे उरलेत का ते बघायला आजी पेंढी पेंढी झटकायची, तसं.

मिळालेल्या फाइलींना नावं नव्हती. एफ हे अक्षर आणि पुढे सात आकडे, असे साडेपाचशेच्या आसपास फोटो. मुंजीचे आणि घराचे एकात एक मिसळलेले. फाइल तयार झाल्याची तारीख विचारली तर संगणक त्या दिवसाची तारीख सांगतो, सगळे फोटो आजच जन्मल्यासारखे. खरी तारीख फोटोच्या पोटात असते, कॅमेऱ्याने काढतानाच लिहिलेली. पण माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ मागे जातं, आणि गणपतीच्या गडबडीत मी ते लावलं नव्हतं. त्यामुळे घराचे सगळे फोटो १ जानेवारी २०१० चे होते. यात एक सोय झाली. २०१० म्हटलं की घर, २०१९ म्हटलं की मुंज. दोन रात्रींत वेगळे झाले.

कॅमेरा फॉरमॅटनंतर कार्डाच्या सुरुवातीपासून लिहायला लागतो. म्हणून मुंजीचे फोटो बरोबर पहिल्या दिवसाच्या फोटोंवर बसले. खळं गेलं. तुळस गेली. गडगा, झोपाळ्याच्या कड्या, पडवी, महामार्गाच्या मोजणीदारांनी लाल रंगाने खूण केलेला खांब, सगळं गेलं आणि त्या जागी बटू, मातृभोजन आणि पंगती आहेत. याबद्दल भाच्याला वाईट वाटलं. मी त्याला सांगितलं की तुझी मुंज ही काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवसाचे १७३ फोटो मिळाले. त्यांतले शंभरएक पूर्ण होते. बाकीच्यांत वरचा भाग ठीक आणि खाली एकदम राखाडी पट्टा, किंवा माजघराची भिंत अर्ध्यावर सरकून गुलाबी झालेली.

दाराचे तीन फोटो होते. एक सापडलाच नाही. एकात फक्त कडी आणि कोयंडा, स्पष्ट, पूर्ण. तिसरा संपूर्ण दाराचा, त्याचा वरचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग इतका स्वच्छ की पेन्सिलीच्या रेघेतला दाब दिसतो, आणि त्याखाली राखाडी. प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा त्याचाच एक छोटा नमुनाही ठेवतो, १६० बाय १२० ठिपक्यांचा. तो फाइलीच्या सुरुवातीलाच असल्याने शाबूत राहिला होता. त्यात दार वरपासून खालपर्यंत आहे. टपाल तिकिटाएवढं. लिहिलेलं आहे एवढं कळतं, काय लिहिलंय ते कळत नाही.

मला तेव्हा आठवलं की तो फोटो मी त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. डोंबिवलीच्या काकांनी आपल्या फोनमधून कधीच काही काढलेलं नाही, त्यांच्याकडे तो होता. पण ग्रुपवर फोटो पाठवताना तो आवळून लहान केला जातो. काकांकडच्या प्रतीत दार पूर्ण आहे आणि अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. काढल्याची तारीख आणि कॅमेऱ्याची माहितीही वाटेत गळते. तोच फोटो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडला तर जसाच्या तसा जातो. ही गोष्ट घरातल्या चाळीस माणसांपैकी एकाला माहीत होती, आणि तो तेव्हा आठवीत होता.

बॅकअप घेतला म्हणणाऱ्या कुणाला मी हल्ली एकच विचारते: परत काढून बघितला का? लोकांना हा प्रश्न खोचक वाटतो. तो तसा नाही. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा बनत असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि पडद्यावरची पात्रं एकेक करून नाहीशी होऊ लागली. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गॅलिन सुसमन या तिथल्या तंत्रदिग्दर्शिका तान्ह्या मुलामुळे घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. ज्यांच्याकडे या कामाची पगारी माणसं होती त्यांचं हे असं झालं. साध्या घरांत हे काम कोण करतं? बहुतेक घरांत एक बाई किंवा एक पोरगा, जेवणं झाल्यावर.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने छायाचित्रकारांसाठी सांगितलेला नियम आता सगळीकडे पसरला आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. हा नियम माझ्या मावशीने ऐकलेला नव्हता. ती चिपळूणला राहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी तिच्या खालच्या मजल्यात छतापर्यंत चढलं. कपाटातल्या अल्बमांचा चिखल झाला. चिकटलेले फोटो तिने घाईने ओढून सोडवले आणि रंग कागदावरून उतरून आला. तसे फोटो ओढायचे नसतात. थंड स्वच्छ पाण्यात सोडून आपोआप सुटू द्यायचे, मग चेहरा वर करून सावलीत वाळवायचे. पण घरात गुडघाभर गाळ असताना हे कोण सांगणार. तरीही दिवाळीपर्यंत तिच्याकडे जुने फोटो परत जमले. आमच्या घराचे सत्तरच्या दशकातले, अगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले काळेपांढरे फोटो, एका रोलमध्ये बाराच यायचे, ते तेव्हा निगेटिव्हवरून प्रती काढून बहिणीबहिणींत वाटलेले होते. एक डोंबिवलीत, एक साताऱ्यात, एक आमच्याकडे. ज्या घरी पाणी गेलं नव्हतं त्या घरांतून ते आले.

त्या मानाने आपण आता ज्यांच्या भरवशावर फोटो ठेवतो त्यांचं आयुष्य फार लहान आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आपले फोटो उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण ती सूचना ज्या ईमेलवर आली ते कितीजण उघडत होते? गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागा २०१५ ला सुरू झाली आणि १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबी, त्यात ईमेलही आलं. दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकायला गुगलने २०२३ च्या डिसेंबरपासून सुरुवात केली. त्यांना जागेचा खर्च आहे, हे मला कळतं. पण वारलेल्या माणसाचं खातं कोण उघडणार? त्यासाठी गुगलमध्ये आणि आयफोनमध्ये आधीच एखाद्या माणसाचं नाव नोंदवून ठेवायची सोय आहे. ती जिवंतपणी, शोधून, स्वतः करावी लागते. माझ्या वडिलांनी केली नव्हती. त्यांचा फोन नंबरही आम्ही बंद केला, त्यामुळे खातं उघडायला लागणारा ओटीपी आता कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जात असेल.

आता माझ्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत. एक माझ्या कपाटात, दुसरी दादाकडे कराडला. गणपतीला भेटलो की अदलाबदल करतो. रस्त्यावर चारशे रुपयांत एक टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो तो घेत नाही. त्यात पुष्कळदा आतलं गणितच खोटं असतं, खरी जागा भरली की तो मागचं पुसून पुढचं लिहितो आणि सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. हार्ड डिस्कवर टाकल्यावर मी फोल्डरवर उजवी कळ दाबून त्याचं वजन बघते. ४१२ फोटोंचं वजन एक केबी असू शकत नाही. नंतर लॅपटॉप बंद करून, दुसऱ्या संगणकावर लावून, कुठलेही पाच फोटो उघडून बघते. याला पंधरा मिनिटं लागतात. घरचे म्हणतात, किती वेळा बघशील. मी बघते.

दाराचा अर्धा फोटो मी बारा बाय अठराचा छापून घेतला आणि डोंबिवलीला नेला. काका ७६ वर्षांचे आहेत. त्यांनी भिंग आणलं, खिडकीशी बसले आणि वरून वाचत आले. तात्यांचं अक्षर त्यांना सरावाचं. ‘पुनर्वसू चांगला,’ ‘कपिलीस पाडी,’ असं वाचताना ते मध्येच थांबून कुठली कपिली ते सांगत. राखाडीच्या काठावर शेवटची ओळ १९६७ ची आहे. तिच्यात पावसाचं आहे आणि तिथेच ती संपते. खाली ग्रुपवरच्या अंधूक फोटोत बघितलं तर त्या वर्षाला आणखी एक लांब ओळ दिसते, बाकीच्यांपेक्षा दुप्पट लांब.

‘ती भूकंपाची,’ काका म्हणाले. ‘कोयनेचा. ११ डिसेंबर, पहाटेची वेळ. ओटीवर कौलं खाली आली. तात्यांनी आधी गोठा बघितला, मग उजाडल्यावर पेन्सिल मागितली. मी दिली ना.’

‘काय लिहिलं होतं?’

ते बराच वेळ त्या राखाडी भागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘शब्द नाही आठवत. कौलांचा आकडा होता. गोठ्यातलं होतं काहीतरी.’

मी फोटो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला घेतलं. ‘काका, हळू सांगा,’ म्हटलं. त्यांनी साल सांगितलं, वेळ सांगितली, कौलं अंदाजे दोनशे म्हणाले. गाईचं सांगितलं, मी लिहिलं. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

‘थांब. ती त्या वर्षी नाही, आधीच्या वर्षी व्याली होती. खोड ते.’